ओल्या शाईचा रंग

कोकम फोडताना हाताला जो लाल रंग लागतो, तो इन्सुलीच्या बायकांना काही नवा नाही. तो लुगड्यावर पडला तर पसरतो. स्टीलच्या ताटावर पडला तर पुसून जातो. अळूच्या पानावर पडला तर मोती होऊन घरंगळतो. रस एकच. पण ज्यावर पडला, त्याप्रमाणे त्याची गत निराळी. एवढी गोष्ट ज्याला कळली, त्याला आजचा अर्धा धडा आला म्हणून समजा.

आजचा धडा प्रिंटचा आहे. प्रिंट म्हणजे यंत्राने कागदावर काढलेली छापील प्रत. सातबारा हवा असो, अर्ज हवा असो, मुलाचा शाळेसाठीचा फोटो हवा असो, आपण गावातल्या, बांद्याच्या नाहीतर सावंतवाडीच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार कळ दाबतो, कागद बाहेर येतो, आपण पैसे देतो आणि घडी करून खिशात घालतो. येथेच पुष्कळांचे नुकसान होते. कसे, ते पाहू.

समजा, गावातल्या बचत गटाने कोकम सरबत केले. बाटल्या भरल्या. आता बाटलीवर चिठ्ठी हवी, म्हणजे लेबल हवे. त्यावर कोकमाचे लालभडक चित्र, गटाचे नाव, माल केव्हा केला ती तारीख आणि अन्नपदार्थांच्या परवान्याचा क्रमांक. लेबले छापून आणली, चिकटवली, बाटल्या दुकानात गेल्या. दुकानदाराने त्या बर्फात ठेवल्या. तासाभरात बाटलीला घाम आला, लाल रंग ओघळला आणि तारीख पुसली गेली. सरबत चांगले होते. पण ज्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही, ती गिऱ्हाईक घेईल का? आत माल कसाही असो, तो बाहेरचा कागदच आधी पाहणार.

आता दुसरे उदाहरण घेऊ. घरातले वडील माणूस गेले. त्यांचा एकच फोटो आहे, तोही जुना, लग्नातला. त्यावरून मोठा फोटो करून भिंतीवर लावायचा आहे. वर्षश्राद्धाच्या आधी तो हवा. ऐन पावसात घाईने प्रिंट काढली, दुकानातच काचेच्या चौकटीत घातली आणि घरी आणली. चार दिवसांनी काचेच्या आतून धुके धरले. पुढे फोटो काचेला चिकटला. अशा गोष्टी होतात, आणि दोष यंत्रावर जातो. पण यंत्राचा दोष थोडा असतो. कागद कोणता घेतला आणि शाई सुकायला वेळ दिला की नाही, यात बरेचसे येते.

आधी यंत्र समजून घेऊ. दुकानात बहुधा दोन तऱ्हेची यंत्रे असतात. एका यंत्रात शाई नसतेच. रंगाची बारीक पूड असते. यंत्र ती पूड कागदावर पाडते आणि उष्णतेने वितळवून चिकटवते. त्याला लेझर प्रिंटर म्हणतात. त्यातून निघालेला कागद हाताला ऊन लागतो. ओळखायची ही सोपी खूण. दुसऱ्या यंत्रात पातळ शाई असते, आणि यंत्र ती शाई कागदावर फवारते. त्याला इंकजेट म्हणतात. हा कागद थंड असतो, आणि शाई पुष्कळ असेल तर ओलसरही लागतो. आपला धडा या दुसऱ्या यंत्राचा.

हे यंत्र कसे सुचले, त्याची एक गोष्ट सांगतात. १९७७ साली जपानमध्ये कॅनन नावाच्या कंपनीत एक संशोधक काम करीत होते. त्यांचे नाव इचिरो एंडो. डाग देण्याची तापलेली सळई चुकून शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली. त्याबरोबर सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा झाला आणि त्याने पुढची शाई ढकलली. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले की कसे उडते, तसेच हे. त्यावरून त्यांच्या मनात यंत्राची कल्पना आली. आजही काही इंकजेट यंत्रे असा बुडबुडा करून शाई उडवतात. काहींमध्ये मात्र विजेने वाकणारा एक बारीक तुकडा असतो. तो वाकला की शाई दाबली जाते आणि थेंब बाहेर पडतो.

हा थेंब किती लहान असतो? एका चांगल्या यंत्राचा लहान थेंब घेतला, तर एक लिटर शाईत तसे वीस हजार कोटी थेंब मावतील. डोळ्यांना तो थेंब दिसत नाही. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी, अशा चार शाया बहुतेक यंत्रांत असतात. त्यांचे थेंब शेजारीशेजारी आणि एकमेकांवर टाकून यंत्र सगळे रंग करते. पिवळ्यावर निळसर पडले की हिरवे झाले. पिवळ्यावर गुलाबी पडले की लाल झाले, म्हणजे आपले कोकम.

आता एक गंमत सांगतो. या यंत्रात पांढरी शाई नसते. मग फोटोतले आजोबांचे पांढरे धोतर कोणी छापले? कोणीच नाही. तेथे यंत्राने शाई टाकलीच नाही. ते धोतर म्हणजे कोरा कागद. कागद पिवळट असेल तर धोतर पिवळट. कागद मळका असेल तर धोतर मळके. नुसते पांढरेच नव्हे, बाकीचे रंगसुद्धा कागदावरच उजळतात. उजेड शाईतून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्याकडे येतो. खालचा कागद जितका शुभ्र आणि शाई जितकी वरच्यावर, तितका रंग खुलतो.

साधा कागद काय करतो ते पाहा. अर्जाचा, झेरॉक्सचा जो कागद असतो, त्याच्या पुडक्यावर ७० किंवा ७५ जीएसएम असे लिहिलेले असते. म्हणजे त्या कागदाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा घेतला तर तो ७० किंवा ७५ ग्रॅम भरतो. हा कागद म्हणजे बारीक तंतूंचे जाळे. समईची वात तेल ओढते, तसे हे तंतू शाई ओढतात. थेंब पडला की तो आत जातो आणि आडवाही पसरतो. रंग कागदाच्या पोटात गेला, मग डोळ्याला फिका दिसला. शेजारचे थेंब एकमेकांत मिसळले, मग चेहरा गढूळ दिसला. पाठीमागून डागही दिसू लागला. कोणी म्हणेल, जास्त शाई टाकू. टाकून पाहा. कागद ओला होऊन पापडासारखा वेडावाकडा होईल. अक्षरे छापायला हा कागद उत्तम आहे. फोटोला तो कामाचा नाही.

मग फोटोचा कागद निराळा कसा? हे समजायला लांब जायला नको, सावंतवाडीला गेले की पुरे. तेथली गंजिफा तुम्ही पाहिली असेल. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात, दर अवताराची बारा. हे पान करताना चित्रकार कोऱ्या कापडावर एकदम रंग लावीत नसत. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ देत. ती सुकली की खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा लेप देत. तो गुळगुळीत दगडाने घोटीत. मग त्यावर रंग भरीत आणि पुढे लाखेचा हात देत. इतका खटाटोप कशासाठी? रंग कापडात मुरू नये, वर राहावा, उठून दिसावा यासाठी. ही कला मधल्या काळात मोडत आली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन तिला पुन्हा जीव आणला. आजही राजवाड्यात चित्रकार पाने रंगवीत बसलेले दिसतात. एकदा मुलांना घेऊन जरूर जा.

फोटोच्या कागदावर असाच लेप असतो. फक्त तो कारखान्यात दिलेला असतो. लेप दोन तऱ्हांचे असतात. एक डिंकासारखा. शाई पडली की तो फुगतो आणि तिला आपल्यात धरून ठेवतो. साबुदाणा पाणी पिऊन फुगतो ना, तसा. हा लेप सुकायला फार वेळ घेतो, पण एकदा सुकला की रंगावर झाकण बसते. दुसरा लेप अगदी बारीक खनिज पुडीचा. त्यात डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. शाई पडल्याबरोबर भोकांत जाते आणि हात लावला तर कोरडी लागते. ही सोय मोठी. पण भोके उघडीच राहतात, त्यांतून हवा जाते आणि हवेने काही शायांचे रंग लवकर उडतात. म्हणून 'झटपट सुकणारा' आणि 'पुष्कळ टिकणारा' हे शब्द एकच समजू नयेत.

पुष्कळ दुकानदार म्हणतात, महाग कागद घ्या म्हणजे झाले. आम्हाला हे पुरते पटत नाही. महाग कागद उलट्या बाजूने घातला तर काय होईल? पुष्कळ फोटोकागदांची पाठ प्लॅस्टिकची असते, अळूच्या पानासारखी. शाई आत शिरत नाही, थेंब वरच तरंगतात, बोट लागले की सगळे फासले जाते. लेपाची बाजू ओळखायला बोट किंचित ओले करून कोपऱ्याला लावा. जी बाजू बोटाला चिकटते ती छापायची. आणखी एक. यंत्राला डोळे नाहीत. आपण कोणता कागद घातला ते त्याला सांगावे लागते. फोटोचा कागद घालून यंत्राला 'साधा कागद' असे सांगितले, तर ते साध्या कागदाच्या मापाने शाई टाकते. मग महाग कागदावरही फोटो बिघडतो. दुकानदाराला हे विचारायला लाजू नका. "कागद खंयचो घातलास, आणि यंत्राक काय सांगितलंस?" एवढे विचारले की पुरे.

आता सुकण्याची गोष्ट. आमच्या मते हीच खरी गोष्ट आहे, कारण हिला पैसा पडत नाही आणि तरीही तीच लोक टाळतात.

घराची भिंत चुन्याने सारवली की ओली असताना ती मळकट दिसते. नीट लागलाच नाही असे वाटते. सुकली की लख्ख होते. अंगणातला चिरा याच्या उलट. पाऊस पडला की तो गडद लाल दिसतो, ऊन पडले की फिका होतो. म्हणजे ओल्या वस्तूचा रंग आणि सुक्या वस्तूचा रंग एक नव्हे. शाईचेही तसेच आहे. गिऱ्हाईक यंत्राजवळ उभे असते. कागद बाहेर येतो न येतो तोच म्हणते, "रे, फोटो काळो दिसता!" दुकानदार जाणता असेल तर म्हणतो, "जरा सुकांदे, मगे बघ." नसेल तर रंग फिका करून दुसरी प्रत काढतो. संध्याकाळी पहिली प्रत बरोबर दिसते आणि दुसरी पांढरी फटक. दोन कागदांचे पैसे गेले ते गेलेच.

सुकणे दोनदा होते. पहिल्यांदा शाईतले पाणी जाते. हे काही मिनिटांत होते आणि कागद हाताला कोरडा लागतो. आपण फसतो ते इथे. आमसुले वरून सुकलेली दिसतात, पण आत ओल असते; ती तशीच बरणीत भरली तर बुरशी धरतात. शाईतही पाण्याखेरीज ग्लिसरीनसारखे चिकट पदार्थ घातलेले असतात. ते नसते तर यंत्राच्या बारीक भोकांत शाई सुकून बसली असती. हे पदार्थ कागदातून सावकाश जातात. त्याला निदान एक दिवस लागतो. तोपर्यंत रंग थोडाथोडा बदलत राहतो. म्हणून रंगाचा निवाडा दुसऱ्या दिवशी करावा, आणि तोही दिवसाच्या उजेडात करावा. दुकानातल्या दिव्याखाली करू नये.

आणि आपला मुलूख कोणता? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात भांड्यातले मीठ पाझरते. दोरीवरचे धोतर तीन दिवस ओले राहते. त्या हवेत शाई कशी सुकावी? हवाच पाण्याने भरलेली, ती कागदातले पाणी घेणार कुठून! उलट शाईतले ग्लिसरीन हवेतली ओल ओढते, मिठासारखीच. इतकेच नव्हे, कोरा कागदही ओल पितो. उघड्यावर पडलेल्या पुडक्यातला कागद पावसाळ्यात मऊ पडतो, आणि त्यावर छापले की शाई जास्त फुटते. चांगला दुकानदार पुडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो आणि लागेल तेवढाच कागद बाहेर काढतो.

तेव्हा मोठा फोटो काढायचा असेल आणि घाई नसेल, तर तो दिवाळीनंतर काढावा. पावसातच काढावा लागला तर घरी आणून सपाट ठेवावा. चित्राची बाजू वर. पंखा असेल तर लांबून, हळू. चुलीजवळ नको, तेथे धूर आहे. उन्हात तर मुळीच नको. ऊन कागद वाकडा करते आणि रंग खाते. वर कोरडा लागला की त्यावर साधा कोरा कागद अलगद ठेवावा आणि काही तासांनी तो बदलावा. त्या कोऱ्या कागदात उरलेली ओल जाते. एक दिवस तरी थांबावे, पावसाळ्यात दोन दिवस थांबले तर बिघडत नाही. मगच काच. फोटोकागदाची पाठ प्लॅस्टिकची असली की ओल मागून जाऊ शकत नाही, फक्त पुढून जाते. पुढे काच असली तर ती काचेवर बसते. ते धुके हेच. चौकट करताना फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची कड घालायला सांगा, म्हणजे दोघांत फट राहते आणि दमट हवेत फोटो काचेला चिकटत नाही.

लॅमिनेशनचेही तेच. प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत कागद घालून गरम दाबतात. ओली प्रिंट त्यात घातली तर ओल आत कोंडते, फुगे येतात, अक्षरे पसरतात. दाखल्याची प्रत आज काढा, लॅमिनेशन उद्या करा. मूळ दाखला मात्र प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये. तो साध्या पिशवीत ठेवावा.

आता आपल्या सरबताच्या बाटल्यांकडे येऊ. शायांच्या दोन जाती आहेत. पाण्यात साखर घातली तर विरघळून दिसेनाशी होते. काव घातली तर पाणी लाल होते, पण काव विरघळत नाही. थोड्या वेळाने तळाला बसते. काही शायांत रंग साखरेसारखा विरघळलेला असतो. त्या चमकदार दिसतात, पण त्यांना पाणी लागले की पुन्हा विरघळतात. काहींत रंग कावेसारखा बारीक कणांचा असतो. तो सुकून बसला की पाण्याने सहसा हलत नाही, आणि उजेडातही जास्त टिकतो. पुष्कळ यंत्रांत काळी शाई कणांची आणि बाकीच्या तीन विरघळणाऱ्या असतात. म्हणून कधीकधी काळी अक्षरे राहतात आणि रंगीत चित्र वाहून जाते.

बचत गटाने काय करावे? शंभर लेबले एकदम छापू नयेत. एक छापावे. एक दिवस सुकू द्यावे. बाटलीवर लावून ती बाटली तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवावी, मग अंगठ्याने चोळावे. अक्षर हलले नाही तर खुशाल पुढची छापावीत. हलले तर कणांच्या शाईचे यंत्र कोणाकडे आहे ते शोधावे, नाहीतर लेझर यंत्रावर छापावे. त्यातली पूड प्लॅस्टिकची असते, ती पाण्याने ओघळत नाही. पण लेबलाचा कागदच भिजून लगदा होत असेल तर शाई चांगली असून काय उपयोग? बर्फातल्या मालाला प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे लेबल घ्यावे, आणि ते ज्या यंत्रासाठी केले आहे त्याच यंत्रात छापावे.

वडिलांच्या फोटोबद्दल एक गोष्ट राहिली. जुन्या स्टुडिओतला काळापांढरा फोटो चांदीचा असतो. दागिन्याची चांदी नव्हे. चांदीचे फार बारीक कण कागदावर बसून ते काळे चित्र झालेले असते. नीट धुतलेला असा फोटो पन्नास-साठ वर्षे सहज राहतो, आणि राहिलेलेही आपण पाहतो. नवी रंगीत प्रिंट कितीही झगझगीत दिसली तरी भिंतीवर, उजेडात, दमट हवेत ती इतकी टिकेल असा भरवसा धरू नये. म्हणून प्रत काढली की जुना फोटो टाकू नका, कोणाला देऊ नका. दुकानातही तो सोडून येऊ नका. समोर उभे राहून त्याची छबी यंत्रात उतरवून घ्या आणि फोटो परत आणा. भिंतीवर प्रत लावा. मूळ फोटो कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. प्रत उडाली तर दुसरी काढता येईल.

भिंतसुद्धा पाहून निवडा. पावसात पाझरणारी नको. दुपारचे ऊन दारातून जेथे येते तीही नको.

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः करून पाहावे हे चांगले. दुकानात एखादी बिघडलेली रंगीत प्रिंट मिळेल, ती मागून आणा. तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि ती खिडकीजवळ टांगा. मागे पेन्सिलीने आजची तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुठ्ठा काढा आणि दोन्ही अर्धे शेजारीशेजारी पाहा.